पोटात पाय असलेल्या जिवाचे गोत्र

'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आपण ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थ त्या मुक्या जिवावर काहीसा अन्याय करणारा आहे. वरून गरीब भासणाऱ्या पण आतून बेरक्या असलेल्या माणसाचे वर्णन करण्यासाठी मराठी भाषेने गोगलगायीला पिढ्यान्‌पिढ्या वेठीस धरले आहे. परंतु म्हणीचा उत्तरार्ध शब्दशः खरा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्यूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने या जीववर्गाचे नामकरण केले, तेव्हा त्याने ग्रीक भाषेतील 'पोट' आणि 'पाय' हेच दोन शब्द एकत्र जोडले. त्यातूनच 'गॅस्ट्रोपोडा' हे नाव रूढ झाले आणि आपल्या परिभाषाकारांनी त्याला 'उदरपाद' म्हटले. पॅरिसच्या पंडिताला जे दिसले, ते आमच्या शेतावरच्या माणसाच्या नजरेतूनही सुटले नव्हते. फरक एवढाच की, पंडिताने त्या निरीक्षणावरून वर्गीकरण उभे केले आणि आपण म्हण करून ते निरीक्षण तेथेच सोडून दिले.

सोडून दिलेला हा धागा आज पुन्हा हाती घेण्याचे कारण केवळ भाषिक कौतुकाचे नाही. २०२२ सालच्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत सोयाबीनचे कोवळे पीक गोगलगायींनी रातोरात खाऊन टाकले. कित्येक शेतकऱ्यांवर दुबार आणि तिबार पेरणीची पाळी आली. अखेर महाराष्ट्र शासनाला या नुकसानीसाठी स्वतंत्र मदत द्यावी लागली. त्याच पावसात सीमेपलीकडे, कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातूनही अशाच तक्रारी आल्या. बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा नदी बीड आणि लातूर ओलांडून बीदरमध्ये शिरते. तिच्या दोन्ही काठांवरील काळी जमीन एकच, सोयाबीन आणि तूर ही पिके तीच आणि भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील घराघरांत बोलली जाणारी मराठीही तीच. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. ती रेषा माणसांना पाळावी लागते. गोगलगायीला ती ठाऊक नाही.

या संकटाच्या वेळी एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. ज्याला आपण सरसकट 'गोगलगाय' म्हणतो तो एक प्राणी नव्हे. सोयाबीन फस्त करणारी ती पाठीवर मोठा शंख वाहणारी आफ्रिकी शंखी गोगलगाय होती. परंतु पावसाळ्यात परसातल्या कुंड्यांखाली, विहिरीच्या कठड्यापाशी आणि भाजीच्या वाफ्यांत जी काळसर, चामड्यासारखी, शंख नसलेली गोगलगाय आढळते, ती वेगळ्याच कुळातली. दोघींच्या सवयी वेगळ्या, शरीररचना वेगळी आणि दोघींपासून होणारा उपद्रवही एकसारखा नाही. पहिलीची वर्तमानपत्रांतून पुरेशी चर्चा झाली. दुसरीविषयी मराठीत फारसे काही लिहिले जात नाही. म्हणून आज तिचे गोत्र थोडे उलगडून पाहण्याचा आमचा विचार आहे.

किनाऱ्यावरील वाचकाला या कुटुंबाची ओळख करून देण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. ताटातले खुबे आणि तिसऱ्या, खडकावरून फोडून काढलेली कालवे आणि बाजारातला माकूल हे सारे ज्या संघात मोडतात, त्याच मृदुकाय संघात गोगलगायही मोडते. अंग मऊ, अस्थी नाहीत आणि संरक्षणासाठी बहुधा चुन्याचे कवच, हे या संघाचे सर्वसाधारण लक्षण. यातील उदरपाद वर्गाने समुद्रातून गोड्या पाण्यात आणि जमिनीवर असा दीर्घ प्रवास केला. भारतात जमिनीवरील मृदुकाय प्राण्यांच्या सुमारे अकराशे जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यांचे मोठे माहेर पश्चिम घाट व ईशान्येकडील डोंगर हे आहे.

जमिनीवर आलेल्यांपैकी काहींनी शंख टाकून दिला. शंख म्हणजे घर खरे, पण ते घर बांधायला चुना लागतो, वाहायला श्रम पडतात आणि अरुंद फटीत शिरताना त्याची अडचण होते. शंख टाकल्याने ही सारी यातायात वाचली. मात्र उन्हापासूनचे आणि शत्रूपासूनचे छत्र गेले. विशेष म्हणजे हा त्याग उदरपादांच्या एकाच शाखेने केलेला नाही. निरनिराळ्या शाखांतून, निरनिराळ्या काळी, स्वतंत्रपणे शंख लोपला. त्यामुळे शंख नसलेल्या सगळ्या गोगलगायी एकमेकींच्या बहिणी आहेत असे समजणे म्हणजे भगवी वस्त्रे ल्यालेले सगळे एकाच घराण्यातले समजण्यासारखे आहे. वेष एक, गोत्रे अनेक. वर्गीकरणशास्त्राचे काम नेमके येथे सुरू होते.

आमच्या परसातली ही चामडी गोगलगाय 'व्हेरोनिसेलिडी' नावाच्या कुळात मोडते. अमेरिका, आफ्रिका आणि आशिया या तिन्ही खंडांच्या उष्ण प्रदेशांत हे कुळ पसरलेले आहे. भारतात सर्वांत जास्त आढळणारी त्यातली जात म्हणजे 'लेव्हिकॉलिस आल्टे'. पूर्ण वाढ झालेली ही गोगलगाय सात-आठ सेंटिमीटर लांब, गडद राखी वा काळपट रंगाची असते. पाठीच्या मध्यातून डोक्यापासून शेपटीपर्यंत फिकट पिवळसर रेघ जाते. कातडी किंचित खरखरीत, बारीक पुटकुळ्यांची. स्वस्थ बसली की ती झाडावरून गळलेल्या एखाद्या काळ्या शेंगेसारखी दिसते आणि म्हणूनच तिच्यावर पाय पडेपर्यंत ती लक्षात येत नाही.

बाहेरून साध्या दिसणाऱ्या या प्राण्याच्या रचनेत मात्र अनेक चमत्कार दडलेले आहेत. इतर बिनशंखी गोगलगायींच्या पाठीवर पुढच्या बाजूस खोगिरासारखा एक आवरणाचा भाग असतो आणि त्याच्या उजव्या कडेला श्वासाचे छिद्र दिसते. व्हेरोनिसेलिडी कुळात हे आवरण, ज्याला शास्त्रीय परिभाषेत प्रावार म्हणतात, संपूर्ण पाठ झाकून दोन्ही कडांनी खाली वळते. खोगीर नाही आणि कडेचे ते छिद्रही नाही. फुप्फुसाची पोकळी लोप पावली असून श्वसनाचे काम ओलसर त्वचाच करते. इतर अनेक बिनशंखी जातींच्या कातडीखाली पूर्वजांच्या शंखाची आठवण म्हणून चुन्याची एखादी चकती शिल्लक असते; येथे तीही नाही. डोक्यावर स्पर्शकांच्या दोन जोड्या. वरच्या जोडीच्या टोकांवर डोळे, खालची जोडी टोकाशी दुभागलेली. सामान्य गोगलगायीला डिवचले तर ती आपली शिंगे मोज्याची बोटे उलटावीत तशी आत ओढून घेते. या कुळातल्या गोगलगायी ती उलटवत नाहीत, केवळ आखडून घेतात. लहानसा भासणारा हा फरक वर्गीकरणकारांच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण तो वेगळ्या वंशावळीची साक्ष देतो.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. उदरपाद प्राण्याच्या बाल्यावस्थेत त्याच्या आतड्यांसह सगळा अंतर्भाग अर्ध्या वर्तुळात फिरतो आणि मलद्वार मागून पुढे, डोक्याच्या बाजूला येते. शंखाच्या एकाच दारातून सगळे व्यवहार करायचे म्हटल्यावर ही तडजोड समजू शकते. व्हेरोनिसेलिडी कुळाने शंख टाकल्यावर हा पीळही सोडवला. त्यांचे मलद्वार पुन्हा शरीराच्या मागच्या टोकाला गेले. हे लक्षण पाहून गेल्या शतकांतील विद्वान गोंधळले आणि या जिवांना कोठे बसवावे यावर बराच वाद झाला. काहींना ते समुद्रातल्या शंखहीन उदरपादांचे आप्त वाटले, काहींनी त्यांना जमिनीवरच्या फुप्फुसधारी गोगलगायींच्या पंक्तीत बसवले.

नावांचा इतिहासही असाच गुंतागुंतीचा आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ब्लँव्हिल याने १८१७ साली 'व्हेरोनिसेला' ही प्रजाती स्थापन केली. त्याचाच देशबांधव फेरुसाक याने १८२२ मध्ये आपल्या या गोगलगायीचे वर्णन केले ते 'व्हॅजिन्युलस आल्टे' या नावाने. इंग्रज शास्त्रज्ञ ग्रे याने १८४० मध्ये कुळाला व्हेरोनिसेलिडी हे नाव दिले, तरी पुढे कित्येक वर्षे 'व्हॅजिन्युलिडी' हे दुसरे नावही ग्रंथांतून वावरत राहिले. जर्मन संशोधक सिमरॉथ याने १९१३ साली 'लेव्हिकॉलिस' ही प्रजाती वेगळी काढली, तेव्हा आपल्या गोगलगायीला सध्याचे नाव मिळाले. जुन्या पुस्तकांत ती व्हॅजिन्युला म्हणून भेटते, काही ठिकाणी व्हेरोनिसेला म्हणून. एकच प्राणी, पण निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळ्या नावांनी नोंदलेला.

हा गोंधळ पंडितांच्या हौसेतून झालेला नाही. या कुळातल्या जाती बाहेरून इतक्या सारख्या दिसतात आणि एकाच जातीतही रंगाचा इतका फेर पडतो की, केवळ पाहून जात ठरवणे धोक्याचे असते. शरीर उघडून जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी तेव्हा निश्चिती होते. अलीकडे त्याला गुणसूत्रांतील आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीची जोड मिळाली आहे. या नव्या पुराव्यांच्या आधारे बुशे आणि रोक्रॉय यांनी २००५ साली आणि सहकाऱ्यांसह पुन्हा २०१७ साली उदरपादांच्या कुळांची जी मांडणी सिद्ध केली, तिच्यात व्हेरोनिसेलिडी कुळाचे स्थान बऱ्याच अंशी स्थिरावले आहे. फुप्फुसधारी उदरपादांच्या मोठ्या शाखेतला, पण नेहमीच्या गोगलगायींपासून फार पूर्वी वेगळा झालेला एक गट, असे त्याचे स्वरूप आहे.

याच गटातली दुसरी शाखा आपल्या किनाऱ्यावर राहते. ओहोटीच्या वेळी खडकांवर आणि खाजणातल्या चिखलावर सरपटणारे, बेडकाच्या पाठीसारखे खडबडीत, शंखहीन जीव अनेकांनी पाहिले असतील. ते 'ऑन्किडिडी' कुळाचे. त्यांतील काहींच्या पाठीवरच्या पुटकुळ्यांत डोळे असतात आणि भरती येताच ते फटींत दडी मारतात. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यापासून दक्षिणेकडे पसरलेले हे प्राणी आणि बीदरच्या परसातली काळी गोगलगाय ही चुलत भावंडे आहेत. एका शाखेने खाऱ्या पाण्याची कड धरली, तर दुसरीने समुद्र दृष्टीसही न पडणाऱ्या पठारावर घर केले.

त्या पठारावरच्या संसाराचा विचार केला म्हणजे या जिवाची खरी चिकाटी लक्षात येते. गोव्यात वा कोकणात चार महिने धो धो पाऊस आणि उरलेल्या वर्षात दमट हवा. येथे ओल्या कातडीच्या प्राण्याने राहावे यात नवल नाही. बीदरला वर्षाकाठी पाऊस पडतो तो नऊशे मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या एक तृतीयांशही नाही. कलबुर्गीत तो त्याहून कमी, आणि वैशाखात तेथले तापमान चाळीस अंशांच्या वर सहज जाते. बीदर शहर ज्या जांभ्याच्या पठारावर वसले आहे तो जांभा आपल्याला परका नाही. आपली घरेच त्या चिऱ्याची. पण तेथला जांभा वर्षातले आठ महिने तापलेला असतो आणि पठाराच्या खाली पसरलेली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. शंख नाही, कातडीतून सतत पाणी निघून जाते आणि चालण्यासाठीही बुळबुळीत स्राव खर्च करावा लागतो, असा हा प्राणी अशा जागी तग धरतो तरी कसा?

याचे पहिले उत्तर त्याच्या पायात आहे. या गोगलगायीचा पाय शरीराच्या मानाने अगदी अरुंद, पूर्ण वाढीतही चार-पाच मिलिमीटर रुंदीचा असतो. जमिनीला टेकणारा भाग जितका लहान, तितका स्रावाचा आणि पर्यायाने पाण्याचा खर्च कमी. दुसरे उत्तर आकारात आहे. धोका वा कोरडेपणा जाणवला की ती अंग आखडून गोलसर होते आणि पाठीचे जाड आवरण चहूबाजूंनी खाली ओढून घेते, त्यामुळे हवेशी संबंध येणारा पृष्ठभाग घटतो. तिसरे उत्तर तिच्या दिनचर्येत आहे. ती निशाचर आहे. दिवसा दगडाखाली, कुजक्या पालापाचोळ्यात वा मातीच्या बिळात राहते आणि रात्री दव पडल्यावर बाहेर येते. आणि शेवटचे उत्तर म्हणजे झोप. पाऊस संपून माती सुकू लागली की ती खोल ओलाव्याच्या थरात शिरते आणि शरीराचे व्यापार मंद करून पुढच्या मृगाची वाट पाहते. शास्त्रज्ञ या स्थितीला ग्रीष्मनिष्क्रियता म्हणतात. भेगाळलेली काळी जमीन तिला त्यासाठी आयते तळघरच पुरवते.

या जिवाचा अभ्यास आपल्याच मराठी मुलखात झाला आहे, ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशी आहे. औरंगाबाद येथील तत्कालीन मराठवाडा विद्यापीठात प्राध्यापक नागभूषणम् आणि त्यांचे सहकारी कुलकर्णी यांनी विसाव्या शतकाच्या सत्तरीच्या दशकारंभी याच गोगलगायीच्या प्रजननावर विस्तृत संशोधन प्रसिद्ध केले. कलकत्ता विद्यापीठातही पुढे तिच्या सवयींचा अभ्यास झाला. त्यातून तिचे जीवनचक्र बरेचसे उलगडले. ही गोगलगाय उभयलिंगी आहे. एकाच शरीरात नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, मात्र आधी नरत्व पक्व होते आणि मादीत्व नंतर. नराचे द्वार डोक्याजवळ आणि मादीचे द्वार शरीराच्या मध्याजवळ उजव्या बाजूस, खालच्या अंगाला. अंडी मातीत घातली जातात आणि ती सुटी नसतात; धाग्यात ओवलेल्या मण्यांप्रमाणे एकमेकांना जोडलेली असतात. खुरप्याने माती उकरताना जपमाळेसारखी ही पारदर्शक लड ज्या शेतकरीणबाईंनी पाहिली असेल, त्यांना ती कशाची हे आता कळावे.

लेव्हिकॉलिस आल्टे ही मूळची भारतीय नव्हे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तिचे जवळचे सगोत्र आफ्रिकेत आहेत. तेथून ती जहाजांतल्या मातीबरोबर आणि रोपांबरोबर भारत, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातील बेटांवर पोहोचली. शंखी गोगलगायीची हकीकत तर साल-ठिकाणासह नोंदलेली आहे. बेन्सन नावाच्या इंग्रज शंखप्रेमीने १८४७ मध्ये मॉरिशसहून ती आणली आणि कलकत्त्यात चौरंगीच्या एका बागेत सोडली. एका माणसाच्या छंदाची किंमत पावणेदोनशे वर्षांनी लातूरच्या सोयाबीनने चुकती केली. अलीकडच्या वर्षांत लेव्हिकॉलिस प्रजातीतील 'हॅरोल्डी' नावाची दुसरी एक जातही भारतात नोंदली गेली आहे. ती दक्षिण आफ्रिकेची. आपल्या मायदेशी ती संकटग्रस्तांच्या यादीत आहे आणि परदेशी मात्र उपद्रवी ठरते आहे.

सगळ्याच बिनशंखी गोगलगायी उपऱ्या आहेत असे मात्र नाही. याच कुळातील 'सेम्पेरुला' ही प्रजाती आशियातलीच. आणि पश्चिम घाटाच्या ओल्या रानात राहणारी 'मारियेला ड्युसुमिएरी' ही तर निराळ्या कुळातली अस्सल देशी गोगलगाय. ती केरळातील रबराच्या मळ्यांत चिकावर ताव मारताना आढळते. रानातल्या देशी जाती कुजलेला पाला खातात, त्याची माती करतात आणि अनेक पक्षी-प्राण्यांचे अन्न होतात. भारद्वाज पक्षी गोगलगायी वेचून खातो. आषाढाच्या तोंडाला झाडे उजळणारे काजवे आपल्याला प्रिय आहेत. त्या काजव्यांच्या अळ्या गोगलगायींवरच पोसतात. गोगलगाय दिसली की मार, हे धोरण काजव्यांच्याही मुळावर येते, हे विसरता कामा नये.

तरीही परसातल्या या काळ्या गोगलगायीविषयी एक सावधगिरी अवश्य बाळगावी. उंदरांच्या फुप्फुसांत राहणारा एक सूक्ष्म कृमी आहे. चेन या चिनी शास्त्रज्ञाने १९३५ साली कँटन येथे त्याचे वर्णन केले. उंदराच्या विष्ठेतून त्याची पिल्ले बाहेर पडतात, गोगलगायीच्या अंगात वाढतात आणि ती गोगलगाय उंदराने खाल्ली की चक्र पूर्ण होते. या चक्रात माणसाला स्थान नाही. पण कच्च्या भाजीबरोबर वा अन्य प्रकारे गोगलगाय पोटात गेली तर हा कृमी वाट चुकून मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मेंदूच्या आवरणाचा दाह उत्पन्न करतो. पुष्कळ रोगी बरे होतात, काही होत नाहीत. ऑस्ट्रेलियात २०१० साली एका तरुणाने पैजेखातर गोगलगाय गिळली; तो आठ वर्षे अपंगावस्थेत काढून २०१८ मध्ये मरण पावला. हे दूरचे उदाहरण म्हणून सोडून देऊ नये. विसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकारंभी खुद्द मुंबईतील संशोधकांना मध्य मुंबईच्या उंदरांत आणि याच लेव्हिकॉलिस आल्टेमध्ये हा कृमी आढळला होता.

यात भिण्यासारखे काही नाही, पाळण्यासारखे मात्र आहे. तांबडी भाजी, टाकळा, अळू या आपल्या पावसाळी भाज्या आपण शिजवून खातो आणि शिजवल्याने कृमी मरतो. आजींचा हा स्वयंपाक आरोग्यशास्त्राला धरूनच होता. आता कच्च्या पानांच्या कोशिंबिरीची चाल वाढली आहे. ती पाने एकेक सुटी करून, वाहत्या पाण्याखाली धुऊनच खावीत. गोगलगाय उघड्या हातांनी उचलू नये, मुलांना तिच्याशी खेळू देऊ नये आणि परसात उंदरांचा सुळसुळाट होऊ देऊ नये.

शेतातल्या बंदोबस्ताच्या बाबतीतही थोडा विवेक हवा. गोगलगायीवर मीठ टाकले की ती विरघळल्यासारखी दिसते, कारण मीठ तिच्या अंगातले पाणी बाहेर खेचते. परंतु वाफ्यात मीठ पसरणे म्हणजे गोगलगायीबरोबर मातीही मारणे होय. मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या प्रभावी आहेत, पण त्या कुत्र्याने वा गुराने खाल्ल्या तर तेही दगावते. ब्रिटनने मार्च २०२२ नंतर या औषधाचा उघड्यावरील वापर बंद केला आहे. तो निर्णय येथे जसाच्या तसा आणावा असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे पीक डोळ्यांदेखत संपते आहे, त्याला उपदेश करणे सोपे असते. पण त्या आधीचे उपाय तरी गावोगाव पोहोचले पाहिजेत. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधावर टाकावीत, पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि खड्ड्यात चुन्यासह पुराव्यात. हे काम एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाही. शेजाऱ्याच्या बांधावर त्या राहिल्या तर दोन रात्रींत परत येतात. पहिल्या पावसानंतर त्या अंडी घालण्यापूर्वी सगळ्या शिवाराने मिळून ते केले, तरच उपयोग.

आणि येथेच वर्गीकरणाचा प्रश्न पुस्तकातून शिवारात येतो. बिनशंखी चामडी गोगलगाय बहुधा परसातल्या भाज्या, फुलझाडे आणि रोपवाटिका यांना त्रास देते, मातीत खोल दडते आणि थोड्या संख्येने असते. शंखी गोगलगाय झुंडीने येते. रानातली देशी जात तर पिकाच्या वाटेला सहसा जातही नाही. तिन्हींना एकच नाव आणि तिन्हींवर एकच विष, ही अडाणीपणाची वाट आहे. सर्वेक्षणाच्या कागदावर 'गोगलगाय' एवढाच शब्द लिहिला गेला, तर कोणती जात कोठून कोठे सरकते आहे हे पुढच्या संकटाच्या वेळीही कोणाला सांगता येणार नाही.

असे नीट सांगणारी माणसे आज कमी होत चालली आहेत, ही खरी चिंतेची बाब आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने १९८४ साली राऊत आणि घोष यांचा उपद्रवी गोगलगायींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा हा विषय देशाने गांभीर्याने घेतला असे वाटले होते. त्यानंतर प्राणिशास्त्राच्या विभागांतून प्रयोगशाळेतील झगमगत्या शाखांकडे ओढा वाढला. गोगलगायीचे शरीर उघडून तिची जात ओळखणारा अभ्यासक मागे पडला. अशा विद्येला पदे नाहीत, पारितोषिके नाहीत आणि प्रसिद्धीही नाही. पण सोयाबीनवर धाड आली की पहिला प्रश्न त्यालाच विचारावा लागतो.

आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि रायचूरचे कृषी विज्ञान विद्यापीठ यांच्या कार्यक्षेत्रांची सीमा मांजरेच्या खोऱ्यातच एकमेकींना भिडते. या दोन विद्यापीठांनी बीदर, कलबुर्गी, लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांत गोगलगायींचे संयुक्त सर्वेक्षण करावे आणि जातीनिहाय नोंद ठेवावी. दुसरे, त्यावर आधारलेली सचित्र पत्रके कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत काढावीत. सीमाभागातील शेतकऱ्याला सल्ला त्याच्या घरच्या भाषेत मिळाला म्हणून कोणत्याही राज्याच्या अस्मितेला धक्का बसत नाही. न मिळाल्याने पीक मात्र जाते. तिसरे, रोपवाटिकांतून जिल्ह्याजिल्ह्यांत आणि राज्याराज्यांत जाणाऱ्या कुंड्यांच्या मातीची तपासणी व्हावी. आपल्या किनाऱ्यावरही घाटमाथ्यावरून येणाऱ्या रोपांच्या गाड्या रोज उतरतात. त्यांच्या मातीत काय काय उतरते, हे आज कोणी पाहत नाही.

महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही यात काम आहे. एका पावसाळ्यात आपल्या गावच्या परसांत, विहिरींपाशी, भाजीच्या वाफ्यांत कोणत्या गोगलगायी दिसतात त्यांची चित्रे काढावीत, तारीख आणि जागा टिपून ठेवावी, कोणते पीक खाताना आढळली ते लिहावे. त्यासाठी मोठी उपकरणे नकोत. हातमोजे, कंदील आणि रात्री तासभर जागण्याची तयारी पुरे. भालकीच्या विद्यार्थ्याची वही आणि पेडण्याच्या विद्यार्थ्याची वही शेजारी ठेवली, तर पठारावरची गोगलगाय आणि किनाऱ्यावरची गोगलगाय यांचे नाते कोणत्याही सरकारी अहवालाच्या आधी स्पष्ट होईल.

आपल्या पूर्वजांनी गोगलगायीचे पाय पोटात आहेत हे ओळखले, ते केवळ वाकून पाहिल्यामुळे. पुढची ओळखही तशीच वाकून पाहिल्याने होणार आहे. मृगाचा पाऊस पडला की ती बाहेर येईल. कृषी खात्याने आणि विद्यापीठांनी त्याआधीच शिवारात उतरावे. पीक गेल्यावर पंचनाम्यासाठी उतरण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडेल.